ठेका रद्द होणं वेगळं, काळी यादी वेगळी

ठेकेदाराला काळ्या यादीत टाकण्याचा आदेश हायकोर्टाने रद्द केला की दुसऱ्या दिवशी हमखास बातमी येते, ‘ठेकेदाराला काम परत’. काम परत मिळालेलंच नसतं. हा घोळ वाचून मी आता खरोखर कंटाळलो आहे.

ठेका रद्द होणं सगळ्यांना ठाऊक आहे. काम रखडलं, खात्याने करार मोडला, अनामत जप्त केली. भांडण त्या एका कामाचं आणि पैशाचं. ते बहुधा लवादाकडे किंवा दिवाणी कोर्टात जातं.

काळी यादी मात्र पुढची दारं बंद करते. निविदा भरताना प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ‘आम्हांला कोणत्याही शासकीय कार्यालयाने काळ्या यादीत टाकलेले नाही.’ म्हणजे एका खात्याचा शिक्का इतर खात्यांतही आडवा येतो. म्हणूनच बाजू मांडू दिल्याशिवाय असा आदेश काढता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने इरुशियन इक्विपमेंट प्रकरणात 1974 सालीच सांगितलं.

‘पण नोटीस दिली होती ना?’ खरी गफलत इथेच होते. खात्याची नोटीस डोळ्यांसमोर आणा. विषय, ‘काम विहित मुदतीत पूर्ण न केल्याबाबत’. शेवटची ओळ, ‘आपणाविरुद्ध निविदेतील अटी व शर्तींनुसार कारवाई का करण्यात येऊ नये?’ कसली कारवाई? ठेकेदार उशिराची कारणं लिहितो, पावसाचं, जागा ताब्यात न मिळाल्याचं. काळ्या यादीबद्दल तो अवाक्षर काढत नाही, कारण त्याला तसं कुणी विचारलेलंच नसतं. आणि आदेशात मात्र पाच वर्षांची बंदी!

भारतीय अन्न महामंडळाच्या पहारेकरी भरतीत असंच झालं. पेपरफुटीचा ठपका परीक्षा घेणाऱ्या यूएमसी टेक्नॉलॉजीजवर आला. महामंडळाने ठेका रद्द केला आणि पाच वर्षांची बंदीही घातली. मध्य प्रदेश हायकोर्टाने याचिका फेटाळली. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवली. काळ्या यादीचा इरादा नोटिशीत स्पष्ट लिहिलेला हवा, किंवा मजकुरावरून तो निःसंदिग्ध कळायला हवा, आणि त्या नोटिशीत यातलं काहीच नव्हतं. आरोप खोटा ठरला म्हणून बंदी उठली, असं कृपा करून लिहू नका.

नोटीस नीट असली तरी बंदी टिकेलच असंही नाही. कोलकाता महापालिकेने होर्डिंगच्या ठेक्यातल्या थकबाकीवरून ब्लू ड्रीम्झ ॲडव्हर्टायझिंगवर पाच वर्षांची बंदी घातली होती. कलकत्ता हायकोर्टाच्या एकल न्यायमूर्तींनी ती रद्द केली, खंडपीठाने पुन्हा लागू केली. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकल न्यायमूर्तींचा निकाल कायम केला. करारभंगाचा साधा वाद, तोही प्रामाणिक मतभेदातून आलेला, एवढ्यावर काळी यादी चालत नाही. थकबाकीचा वाद पालिकेला वेगळा लढायची मुभा राहिलीच.