अक्षराशेजारचा तीळ

मराठी पुस्तकात एखाद्या शब्दावर भर द्यायचा असेल, तर तो ठळक किंवा तिरक्या टंकात छापतात. जपानी मुद्रणाने मात्र अक्षराला धक्का न लावता त्याच्या शेजारी ठिपका देण्याची रीत जपली आहे. या ठिपक्यांना ‘बोतेन’, म्हणजे बाजूचे ठिपके, किंवा ‘केन्तेन’ म्हणतात. उभ्या ओळीत ते अक्षराच्या उजवीकडे येतात आणि तिळाच्या आकाराचे असतात, म्हणून त्यांना ‘गोमातेन’ असेही नाव आहे. ‘गोमा’ म्हणजे तीळ. आडव्या ओळीत ते अक्षराच्या डोक्यावर बसतात आणि तेथे बहुधा गोल ठिपका वापरतात. चिनी मुद्रणात, आडव्या ओळीत, तेच ठिपके अक्षराखाली जातात.

तिरका टंक इटलीतील वळणदार हस्ताक्षरातून घडला. व्हेनिसच्या आल्डुस मानुतियुसने १५०१ मध्ये त्या टंकात संपूर्ण पुस्तक छापले. जपानी अक्षरे याउलट समान मापाच्या अदृश्य चौकोनांत बसवलेली असतात, त्यामुळे ती कलंडली की पानाची सारी बांधणी विसकटल्यासारखी दिसते. ठळक टंक तेथेही वापरतात, परंतु औदासीन्य दर्शवणाऱ्या ‘उत्सु’ या चिन्हात २९ रेघा आहेत आणि लहान आकारात त्या जाड केल्या, तर एकमेकींत मिसळून जातात.

मला या पद्धतीतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतंत्र ठिपका मिळतो. जपानी लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. तरीही भर नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे ठिपकेच सांगतात, आणि लेखकाला हवे असल्यास एकाक्षरी प्रत्ययावरही तो देता येतो. देवनागरीत हे साधणे अवघड आहे, कारण आपल्याकडे अक्षरावरील ठिपका आधीच अनुस्वाराचा आहे: ‘रग’मधील ‘र’वर तो दिला, की त्याचा ‘रंग’ होतो.

अडचण जपानीतही आहे. अवघड चिन्हांचा उच्चार दाखवणारी ‘फुरिगाना’ ही बारीक अक्षरेही त्याच बाजूला छापली जातात. वेब पानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये या ठिपक्यांसाठी ‘टेक्स्ट-एम्फसिस’ हा स्वतंत्र गुणधर्म आहे. दोन्ही एकत्र आल्यास त्यात फुरिगाना अक्षराला लागून राहते आणि ठिपके तिच्या बाहेर सरकतात. म्हणून अशा मजकुरात दोन ओळींमधले अंतर आधीच पुरेसे ठेवावे लागते.