हुबेहूब, पण कोणासारखं?

सोलापुरात नवखा माणूस पत्ता विचारू लागला की उत्तर बहुतेक वेळा पुतळ्यापासून सुरू होतं. 'चार हुतात्मा पुतळ्यापाशी उतरा, पुढं कुणालाही विचारा.' मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आज ते चौघं गावाला वाट दाखवतात. पुतळा जमला की फसला हे ठरवायचं आपलं मापही एकच: 'अगदी हुबेहूब!' सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांच्या कामाबद्दलही हाच शब्द आधी तोंडी येतो. पण त्यांची दोन गाजलेली कामं आठवा. मुंबई शेअर बाजाराबाहेरचा ब्राँझचा बैल आणि ओंकारेश्वरचे बाल शंकराचार्य. दुसऱ्याचा तर चेहरा जिवंत कुणीच पाहिलेला नाही. मग ते हुबेहूब कोणासारखं?

हा प्रश्न जुना आहे. दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर एक बहुमुखी शिवलिंग आहे. त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख इथलाच. पण त्या मुखांपैकी एकही कुणा माणसाचं नाही. अमक्याचं नाक, तमक्याची जिवणी दगडात उतरवावी, अशी आस त्या कारागिराला नव्हतीच.

ती आस लागली ती जे.जे. स्कूल ऑफ आर्टमुळं. १८५७ साली मुंबईत ही कलाशाळा निघाली आणि ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून विद्यार्थ्यांचा हात तयार होऊ लागला. समोर बघायचं, माप घ्यायचं, कातडीखाली हाड कुठं आणि स्नायू कुठं हे ओळखायचं. शिस्त परकी होती, आणि ती परक्याच विषयांवर खर्ची पडली असती. पण १८९६ च्या सुमारास विद्यार्थिदशेतल्या गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली. नऊवारीतली तरुणी, हातात पूजेचं साहित्य, पाऊल देवळाकडं. खरी कमाल आहे ती लुगड्यात. पायांशी दाटलेल्या निऱ्या, अंगाला बिलगलेलं वस्त्र आणि त्यातून जाणवणारी चाल, हे सगळं प्लास्टरमध्ये! शिकवणूक युरोपची, पण ती बाई आपल्या गल्लीतून निघालेली वाटते. माझ्या मते मराठी वास्तववादी शिल्पाचा जन्म इथला.

पुढं मागणी आली ती चौकातून. त्यातली मोठी मागणी ज्यांचा फोटो असणंच शक्य नाही अशांच्या पुतळ्यांची. विनायकराव करमरकरांनी पुण्यात १९२८ साली शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा केला, साडेतेरा फुटी, ब्राँझमधला. गेट वे ऑफ इंडियासमोरचा सदाशिव साठ्यांचा १९६१ चा. महाराजांचा चेहरा म्हणून आज आपल्या डोळ्यांपुढं जे येतं, त्यात या शिल्पकारांचा वाटा मोठा आहे. शिर्डीचं तर विचारूच नका. साईबाबांचं निधन १९१८ चं आणि बाळाजी वसंत तालीम यांची संगमरवरी मूर्ती १९५४ ची. लाखो भक्तांच्या मनातले बाबा आज त्या मूर्तीसारखेच दिसतात. मूर्ती माणसासारखी झाली की माणूस मूर्तीसारखा, सांगणं अवघड.

रामपुरेही जे.जे.चे. शेअर बाजाराचा बैल, म्हणजे तेजीची खूण, जानेवारी २००८ चा, आणि नेमका त्याच महिन्यात सेन्सेक्स २१ हजारांवरून गडगडू लागला. त्यात बिचाऱ्या बैलाचा काय दोष! सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जनावरांचा बाजार भरतो. सांगोला-मंगळवेढ्याकडं खिलार जातीचं जनावर दावणीला असतं. मान, वशिंड, खूर पारखणारी माणसं ज्या गावात, तिथल्या शिल्पकाराला बैल ढोबळ करून कसा चालेल?

ओंकारेश्वरचं काम वेगळ्याच जातीचं. चित्रकार वासुदेव कामत यांनी बारा वर्षांच्या शंकराचार्यांचं चित्र रंगवलं, त्यावरून रामपुऱ्यांनी शिल्प केलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये १०८ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. एवढ्या उंचीवर 'हुबेहूब' राहणंही अवघड होऊन बसतं. बघणारा पायथ्याशी, मान वर करून. खालून डोकं लहान दिसतं, हनुवटी पुढं येते, पापण्या डोळे झाकतात. म्हणून प्रमाणात थोडी लबाडी करावीच लागते, खालून खरं दिसावं म्हणून.

या सगळ्याची सुरुवात मात्र लोखंडी सळ्या आणि तारेच्या सांगाड्यावर थापलेल्या मातीनं होते. मातीवरून प्लास्टरचा साचा, त्यातून मेणाची प्रत, तिच्यावर भट्टीत टिकणारा लेप, आणि मेण वितळवून मोकळ्या झालेल्या जागेत ब्राँझचा रस. मातीचं मॉडेल पुरं होईपर्यंत ओलं राहिलं पाहिजे. सोलापूरचा मे महिना ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको. रात्री काम थांबलं की चेहऱ्यावर ओलं फडकं, वरून प्लास्टिक. सकाळी फडकं काढून पाहायचं: नाकाच्या शेंड्याला तडा तर नाही ना गेला?