धर्मादाय उद्यानभूमी आणि व्यावसायिक क्रीडामैदान : वाद

लोकांच्या विरंगुळ्यासाठी दान मिळालेली, विश्वस्तांकडे सोपवलेली किंवा सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवलेली बाग वा मैदान एखाद्या व्यावसायिक संघाच्या, क्लबच्या किंवा क्रीडासंघटनेच्या ताब्यात द्यावे का, यावरून होणारे वाद. अशा जागेवर खेळ व्हावा याला सहसा कोणाचा विरोध नसतो. कुंपण, तिकीट, कायमची प्रेक्षागृहे आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा आले की वादाला तोंड फुटते, कारण एरवी कोणालाही न विचारता जिथे जाता येत होते तिथे परवानगी लागू लागते.

नाशिकमध्ये हा प्रश्न समजून घ्यायचा तर त्र्यंबक रोडवरील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाकडे पाहावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या क्रांतिकारकाचे नाव या मैदानाला आहे. लोकांच्या तोंडी मात्र ते गोल्फ क्लब मैदानच आहे. हे मैदान महापालिकेचे असून ते दानाची मालमत्ता नाही. तरीही एकाच जागेवर किती जणांचा हक्क असू शकतो हे इथे दिसते : कडेच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळ-संध्याकाळ चालणारे, आत क्रिकेट खेळणारी मुले, निवडणुकीच्या दिवसांत सभा आणि मधूनच रणजी करंडकाचा सामना. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांची लढत येथेच झाली. रणजीचा सामना गावात आला तर नाशिककरांना आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. चार दिवसांनी मंडप उतरतो, मैदान पुन्हा सर्वांचे होते. तात्पुरता वापर आणि कायमचा ताबा यांतील हा फरक पुढील सगळ्या वादांच्या मुळाशी आहे.

शहरातील काही मोठी मैदाने महापालिकेची नसून शिक्षणसंस्थांची आहेत. १९१८ मध्ये स्थापन झालेली गोखले एज्युकेशन सोसायटी किंवा डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेले भोसला मिलिटरी स्कूल यांच्या परिसरांशिवाय गंगापूर रोड आणि कॉलेज रोड भागाची कल्पनाच करता येत नाही. विश्वस्त संस्थेच्या मैदानावर मालकी संस्थेची असली तरी ते विश्वस्तांच्या मर्जीने विकता किंवा वाटेल त्याला देता येत नाही. आपण ज्याला ‘कॉलेजचे ग्राउंड’ म्हणतो त्याला हे कायदेशीर संरक्षण असते, याची कल्पना फार थोड्यांना असते.

हे संरक्षण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधून येते. समाजकल्याण व लोकहितासाठी मनोरंजनाच्या आणि फुरसतीच्या वेळेच्या सोयी पुरवणे हा कलम ९ नुसार धर्मादाय हेतू ठरतो. म्हणजे मुलांना खेळायला दिलेले मैदान कायद्याच्या नजरेत दवाखान्याइतकेच धर्मादाय असू शकते. कलम ३६ प्रमाणे विश्वस्त मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस, तसेच बिगरशेती जमिनीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय करता येत नाही. व्यावसायिक स्टेडियमवर पैसा घालणाऱ्याला तीन वर्षांचा करार पुरत नाही. त्याला दशके लागतात. त्यामुळे असा कोणताही व्यवहार आयुक्तांच्या दारातून जातोच, आणि खरी छाननी तिथे होणे अपेक्षित असते. तिथे पाहायचे ते व्यवहार संस्थेच्या हिताचा आहे का, आणि दानपत्रातील हेतू त्यातून शिल्लक राहतो का.

मैदान महापालिकेचे असेल तर वाट निराळी. महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ मालमत्तेच्या विल्हेवाटीचे नियम घालते, तर विकास आराखड्यात उद्यान म्हणून आरक्षित जागेवर स्टेडियम बांधायचे असल्यास महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते. त्यात सूचना प्रसिद्ध होते, नागरिकांना हरकतींसाठी एक महिना मिळतो आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची असते. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलेल असा फेरबदल या कलमाखाली करता येत नाही. हरकतींचा तो महिना बहुतेकदा कोणाच्या लक्षात न येता निघून जातो.

इंग्लंडमधील बाथ शहराचे रिक्रिएशन ग्राउंड हे या प्रकारच्या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. तेथे १८९४ पासून रग्बी खेळली जाते. १९२२ च्या खरेदीखतात आजूबाजूच्या रहिवाशांना उपद्रव होईल असे काही तिथे बांधू वा करू नये, अशी अट होती. १९५६ मध्ये जागा नगरपालिकेकडे आली ती खेळ व मनोरंजनासाठी, आणि कोणत्याही एका खेळाला वा क्लबला अवाजवी झुकते माप देऊ नये या अटीवर. तरीही १९९५ मध्ये रग्बी क्लबला ७५ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला, आणि पुढे रग्बी हा खेळ पूर्णपणे व्यावसायिक झाला. २००२ मध्ये उच्च न्यायालयाने ही जमीन धर्मादाय न्यासाची आहे असा निर्णय दिला. त्यानंतर न्यासाचे हेतू, क्लबचा हक्क आणि जमिनीची अदलाबदल यांवर वर्षानुवर्षे भांडण चालले. २०१३ मध्ये धर्मादाय आयोगाने नवी योजना केली आणि तिला न्यायाधिकरणात आव्हान मिळाले. १९२२ च्या अटीचे वेगळेच झाले. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती शेजाऱ्यांना बजावता येते असे म्हटले, तर डिसेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. अटीचा लाभ नेमक्या कोणत्या जमिनीला आहे हे खतावरून पुरेसे स्पष्ट होत नव्हते. बाथच्या कहाणीतून एक गोष्ट पक्की समजते : शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी खत लिहिले त्यांनी लाभार्थी जमीन नीट लिहिली असती, तर निकाल वेगळा लागू शकला असता. दान देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी कागद कच्चा असेल तर तो पुढच्या पिढीला वाचवू शकत नाही.

लंडनमधील विम्बल्डन पार्कचा वाद मात्र याच साच्यात बसवणे बरोबर नाही. तेथे टेनिस क्लबने १९९३ मध्ये महापालिकेकडून गोल्फ कोर्सची जमीन बांधकामावरील निर्बंधांसह विकत घेतली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ३९ नव्या कोर्टांना परवानगी मिळवली. त्यांतले एक ८,००० प्रेक्षकांचे आहे. परवानगीला दिलेले आव्हान जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळले. ही जमीन आधीपासून सर्वांसाठी खुली नव्हती, ती गोल्फ क्लबच्या सभासदांच्या वापरात होती. त्यामुळे लोकांना काही भाग नव्याने खुला होईल हा क्लबचा युक्तिवाद सरसकट धुडकावता येत नाही.

भारतीय न्यायालयांनी उद्यानांच्या बाजूने घेतलेली भूमिका खेळापेक्षा इतर प्रकरणांतून घडली. बंगळूर मेडिकल ट्रस्ट प्रकरणात (१९९१) उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. रुग्णालय हे चांगले काम आहे, हे उत्तर न्यायालयाला पुरले नाही. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली बांधलेले व्यापारी संकुल पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश १९९९ मध्ये झाला, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ प्रकरणात पुढे आलेले सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व, म्हणजे सार्वजनिक संपत्ती सरकारकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असते हा विचार, त्यातही आधाराला होते. या निकालांमुळे क्रिकेटच्या नावाने आलेला प्रस्तावही त्याच कसोटीवर घासला जातो.

क्रिकेटचा पैसा हा यातला नाजूक भाग आहे. राज्य क्रिकेट संघटना स्वतः अनेकदा धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या असतात, पण त्यांच्याकडे प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नाचा वाटा येतो. आयकर सवलतीच्या संदर्भात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संघटनांची प्रकरणे, त्यांचे काम व्यापारी स्वरूपाचे आहे का हे तपासण्यासाठी परत पाठवली. ‘आम्हीही धर्मादायच आहोत’ एवढे म्हणून मैदान मागता येणार नाही, हे यातून स्पष्ट व्हावे. व्यावसायिक सामन्याच्या उत्पन्नातला किती वाटा त्या मैदानावरच्या मुलांच्या खेळावर खर्च होतो, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

अदलाबदलीचा प्रस्तावही फसवा असतो. शहराच्या कडेला तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा देऊ, असे सांगितले जाते. नाशिकमध्ये कॉलेज रोडवरचे एकर आणि आडगावच्या पलीकडचे एकर सारखे नाहीत. पायी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी तर मुळीच नाहीत. २०२५ च्या हिवाळ्यात सिंहस्थ कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या वसाहतीसाठी, तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला नाशिककरांनी केलेला विरोध खेळाशी संबंधित नव्हता, पण दूर कुठेतरी नवी झाडे लावू, या आश्वासनाने लोक का समजूत काढून घेत नाहीत, हे त्यात दिसले.

वादाला तोंड फुटल्यावर जे कागद मिळवावे लागतात ते ठरलेले आहेत : मूळ दानपत्र किंवा खरेदीखत, मिळकत पत्रिका, विकास आराखड्याचा त्या भागाचा नकाशा, महासभेचा ठराव, आणि विश्वस्त संस्था असल्यास नोंदणी पुस्तकाचा उतारा, ज्याला बोलीत शेड्यूल वन म्हणतात. विश्वस्तांनी कर्तव्यभंग केला असे वाटल्यास संस्थेत हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती धर्मादाय आयुक्तांच्या संमतीने कलम ५० खाली दावा लावू शकतात. त्यासाठी नाशिककरांना मुंबई गाठावी लागत नाही. सह धर्मादाय आयुक्तांचे विभागीय कार्यालय शहरातच आहे.