मेंदूतील ॲन्युरिझम : रुग्णालयातील रुग्णसंख्या आणि उपचारांचे परिणाम

मेंदूतील धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुधा फाटा फुटतो तिथे, कमकुवत होऊन फुगते. या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटला की रक्त मेंदूच्या आवरणांखाली पसरते. आयुष्यात कधी झाली नसेल इतकी तीव्र डोकेदुखी काही क्षणांत सुरू होते आणि अनेक रुग्ण बेशुद्ध पडतात. न फुटलेला ॲन्युरिझम पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये सापडतो. उपचाराचे मुख्य मार्ग दोन : कवटी उघडून फुगवट्याच्या मानेवर क्लिप बसवणे (वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये बाल्टिमोरला हे प्रथम केले), किंवा धमनीतून बारीक नळी नेऊन प्लॅटिनमच्या तारेच्या वेटोळ्यांनी फुगवटा आतून भरणे, म्हणजे कॉइलिंग. एखाद्या रुग्णालयात वर्षाकाठी असे किती रुग्ण येतात, यावर त्यांचे जगणे-मरणे किती अवलंबून असते, हा या नोंदीचा विषय. याचा बराचसा अभ्यास अमेरिकेत झाला.

हॅरोल्ड लुफ्ट, जॉन बंकर आणि अलेन एंथोव्हेन यांनी १९७९ मध्ये १,४९८ रुग्णालयांतील १२ प्रकारच्या शस्त्रक्रियांची आकडेवारी तपासली. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या अवघड शस्त्रक्रियांत, जिथे काम जास्त तिथे मृत्यू कमी, असे त्यांना दिसले. मेंदूच्या ॲन्युरिझमबाबत ठळक पुरावा न्यूयॉर्क राज्यातून आला. तिथल्या रुग्णालयांचा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की वर्षाला अशा दहापेक्षा जास्त शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत न फुटलेल्या ॲन्युरिझमच्या रुग्णांपैकी ५.३ टक्के दगावले, तर त्याहून कमी करणाऱ्यांत ११.२ टक्के. फुटलेल्या ॲन्युरिझममध्ये हेच प्रमाण ८.८ आणि १५.५ टक्के होते. पहिली जोडी अधिक अस्वस्थ करते. न फुटलेल्या ॲन्युरिझमचा रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत येतो आणि रुग्णालय निवडायला त्याच्याकडे बहुधा वेळ असतो.

यातला किती भाग सर्जनच्या हाताचा? शस्त्रक्रिया चालू असतानाच फुगवटा फुटला तर सूक्ष्मदर्शकाखालचे सगळे क्षेत्र रक्ताने भरते. फुगवट्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीवर तात्पुरती क्लिप लावून रक्त थांबवायचे, पण मेंदूला फार वेळ उपाशी ठेवायचे नाही. भूलतज्ज्ञाने रक्तदाब सांभाळायचा आणि नर्सने न मागता योग्य क्लिप पुढे करायची. अशी साथ वर्षातून दोन-तीन केसेसवर जमत नाही.

तरी खरी परीक्षा पुढच्या दोन आठवड्यांत असते. रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूतल्या धमन्या आकुंचन पावू शकतात. त्याच्या दुष्परिणामांपासून मेंदू वाचवण्यासाठी निमोडिपिन हे औषध २१ दिवस द्यावे लागते, तेही रात्रीबेरात्री दर चार तासांनी. सकाळी नीट बोलणारा रुग्ण दुपारी शब्द शोधू लागला किंवा त्याचा एक हात किंचित खाली झुकू लागला, तर ते आयसीयूतल्या नर्सला त्याच वेळी दिसले पाहिजे. वर्षभर हेच रुग्ण सांभाळणाऱ्या नर्सची नजर इथे सर्जनच्या हाताइतकीच मोलाची असते. म्हणून संख्या सर्जनपेक्षा रुग्णालयाची मोजणे योग्य वाटते.

संख्या हे कारण की परिणाम, हा वादही जुना आहे. सरावाने काम सुधारते. पण चांगल्या रुग्णालयाकडे डॉक्टर अधिक रुग्ण पाठवतात, त्यामुळेही तिथली संख्या वाढते. शिवाय दुसरीकडून हलवलेला रुग्ण मोठ्या केंद्रात पोहोचतो, म्हणजे पहिल्या जीवघेण्या तासांतून तो आधीच वाचलेला असतो. हे धरले नाही तर मोठ्या केंद्राचे आकडे आहेत त्याहून उजळ दिसतात. उलट, काही ठिकाणी केसेस कमी असूनही परिणाम उत्तम असतात. संख्या हा गुणवत्तेचा अंदाज आहे, गुणवत्ता नव्हे.

कॉइलिंगने हिशेब आणखी गुंतागुंतीचा केला. क्लिप आणि कॉइलिंग यांची तुलना करणाऱ्या, २,१४३ रुग्णांवरील आयसॅट चाचणीत (२००२) एका वर्षानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण कॉइलिंगमध्ये २३.७ टक्के, तर क्लिपमध्ये ३०.६ टक्के निघाले. त्यानंतर क्लिपच्या केसेस घटल्या. उरल्या त्यांत अवघड केसेस जास्त, आणि नव्या सर्जनला सराव मात्र कमी.

अमेरिकेतील १८ राज्यांच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्रावाचे वर्षाला दहापेक्षा कमी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांत ३० दिवसांतील मृत्यू ३९ टक्के, तर ३५ पेक्षा जास्त घेणाऱ्यांत २७ टक्के होते. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वर्षाला दहा आणि ३५ रुग्ण याच दोन मर्यादा घेऊन, लहान रुग्णालयांनी रुग्ण लवकर मोठ्या केंद्रात हलवण्याचा विचार करावा, असे सुचवले. २०२३ च्या आवृत्तीतही वेळेवर हलवण्याची शिफारस आहे. मात्र फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांतच सर्वाधिक असतो आणि प्रवास नेमका याच तासांत करावा लागतो. म्हणून रक्तदाब आटोक्यात आणणे, श्वासमार्ग सुरक्षित करणे आणि स्कॅनच्या प्रतिमा आधीच पुढे पाठवणे ही कामे रुग्णवाहिका निघण्यापूर्वी पहिल्या रुग्णालयालाच करावी लागतात.