माटोळीची गाठ आणि यकृतातली गाठ

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या घरी चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचं काम काकांचं. केवणीच्या रानझुडपाच्या सालीचे दोर आधीच भिजत घातलेले असायचे. काका स्टुलावर चढायचे आणि आम्ही पोरं खालून एकेक वस्तू वर द्यायचो. कांगलांच्या रानफळांच्या झुपक्याला दोराचा एक फेर, सुपारीच्या शिपट्याला, म्हणजे घोसाला, दोन, न सोललेल्या असोल्या नारळाला तीन. कुठे किती फेर द्यायचे ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

त्याच काकांच्या यकृतात गाठ निघाली, तेव्हा मी पहिल्यांदा यकृताच्या कर्करोगाबद्दल वाचायला बसलो. त्यांना आधीपासून सिरोसिस, म्हणजे यकृत घट्ट होऊन व्रणांनी भरणं, होता. मोसमात हुर्राक आणि एरवी फेणी, या काजूच्या दारू, असं तीसेक वर्षं चाललं होतं. वाचताना एक शब्द पुनःपुन्हा समोर येत राहिला: प्रथिनांचं मेथिलीकरण. तो समजून घ्यायला मला काकांचे ते एक, दोन, तीन फेरच उपयोगी पडले.

मेथिल गट म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. पेशीतली काही एन्झाइम्स हा इवलासा गट उचलून प्रथिनांवर बसवतात. लायसिन या अमिनो आम्लावर एक, दोन किंवा तीन गट बसतात, आर्जिनिनवर फार तर दोन. एवढ्याशा खुणेने काय होतं, असं वाटेल. पण ती खूण ओळखणारी दुसरी प्रथिनं पेशीत तयारच असतात आणि ती येऊन पुढचं काम सुरू करतात किंवा थांबवतात.

आपल्या प्रत्येक पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या हिस्टोनांची शेपटं बाहेर लोंबत असतात आणि खुणा मुख्यतः तिथेच बसतात. एच-3 या हिस्टोनच्या 27 व्या लायसिनवर तीन मेथिल बसले की तिथली जनुकं गप्प होतात. त्याच शेपटाच्या चौथ्या लायसिनवर तीन बसले, तर ती जनुकं चालू असल्याची ती खूण ठरते. म्हणजे तोच गट, तितकेच फेर, पण जागा बदलली की अर्थ उलटा. मेथिलीकरण चांगलं की वाईट, हा प्रश्नच म्हणून मला चुकीचा वाटतो.

27 व्या जागी खूण बसवणारं एन्झाइम म्हणजे ईझेडएच-2. निरोगी, प्रौढ यकृतात ते जेमतेम असतं, पण कर्करोगाच्या पेशींत पुष्कळ वाढतं आणि पेशीला आवर घालणारी जनुकं बंद करून टाकतं. एसएमवायडी-3 हे दुसरं एन्झाइम यकृताच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वाढलेलं असतं, हे जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. आर्जिनिनवर काम करणारं पीआरएमटी-5 हेही असंच मेथिल बसवणारं एन्झाइम. एकदा बसलेला मेथिल पुन्हा निघत नाही, असा समज फार वर्षं होता. तो काढून टाकणारं एलएसडी-1 हे एन्झाइम 2004 मध्येच सापडलं आणि हा समज मोडला.

पण यकृताची गोष्ट एवढ्या एन्झाइम्सवर संपत नाही. मेथिल बसवायचा तर तो आधी कुठून तरी यायला हवा. तो येतो सॅम (एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन) नावाच्या रेणूतून आणि शरीरात सॅम तयार करणारा सर्वांत मोठा कारखाना यकृतच आहे. बांगडा, अंडी, डाळी यांतून मिळणारं मेथिओनिन यकृतात पोचतं आणि तिथे मॅट-1ए या जनुकापासून बनणारं एन्झाइम त्याचं सॅम करतं. अनेक वर्षांच्या दारूने आणि सिरोसिसने नेमकं हेच एन्झाइम मंदावतं. कर्करोगाच्या पेशीत तर मॅट-1ए मागे पडतं आणि मॅट-2ए पुढे येतं. हे दुसरं जनुक गर्भातल्या यकृताचं. त्याचं एन्झाइम सॅम थोडं साठलं की हात आखडता घेतं, त्यामुळे सॅमची पातळी खालीच राहते. वाढत्या पेशींना नेमकं तेच सोयीचं पडतं.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट उंदरांच्या प्रयोगांत आहे. मॅट-1ए काढून टाकलेल्या उंदरांत सॅम कमी पडलं आणि पुढे त्यांना यकृताचा कर्करोग झाला. मग कुणालाही वाटेल, सॅम वाढवलं की काम झालं. पण यकृतात जीएनएमटी नावाचं एक एन्झाइम असतं, जास्तीचं सॅम खर्ची टाकणारं. तेच काढून टाकल्यावर उंदरांत सॅम भरमसाट साठलं, हिस्टोनांवर आणि डीएनएवर नको तिथे मेथिल बसले, आवर घालणारी जनुकं बंद पडली आणि त्यांनाही यकृताचा कर्करोग झाला. कमी झालं तरी तेच, जास्त झालं तरी तेच. म्हणूनच सॅमच्या गोळ्या यकृतासाठी घ्याव्यात का, असं कुणी विचारलं तर मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका असंच सांगतो. उंदीरवर्गीय प्राण्यांत सॅमने गाठ होण्याला आळा बसला, पण झालेली गाठ त्याने बरी झाली नाही.

औषधांचं म्हणाल, तर ईझेडएच-2 ला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते एका विरळ सार्कोमासाठी (मऊ ऊतींचा कर्करोग) आणि एका लिंफोमासाठी (लसिका ग्रंथींचा कर्करोग). यकृताच्या गाठीवर ते अजून नेहमीच्या उपचारात नाही. सिरोसिसच्या रुग्णासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हा आजचा नेहमीचा पहारा, आणि बाळाला जन्मतःच दिली जाणारी हेपटायटिस बीची लस ही या कर्करोगाच्या एका मोठ्या कारणाला वाटेतच अडवते.

यकृतात कधी कधी अशी छोटी गाठ मिळते, की ती साधी आहे की कर्करोगाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही चटकन सांगता येत नाही. अशा वेळी सुईने काढलेल्या तुकड्याच्या पातळ कापावर ईझेडएच-2 ला चिकटणारा रंग देऊन पाहता येतं. साध्या गाठीत पेशींची केंद्रकं बहुधा फिकट निळीच राहतात. कर्करोग असेल, तर त्यांतली पुष्कळशी तपकिरी होऊन उठतात, काजूच्या सालीसारखी.