आजोबा-पणजोबांची मेडलं फ्रेमला आणताय? आधी एवढं वाचा

खंडेनवमी झाली की आमच्या दुकानात जुनी मेडलं येऊ लागतात. पूजेसाठी म्हणून चिंच किंवा पितांबरी लावून ती लख्ख केलेली असतात. कृपा करून घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलवर शिपायाचं नाव कडेवर ठोकलेलं असतं. दर दसऱ्याला घासलं की आधी झिजतं ते नावच. ‘व्हिक्टरी मेडल’ ब्राँझचं असून वर सोनेरी मुलामा असतो, तो एकदा गेला की गेलाच.

भिंगातून कड वाचली तर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, असा क्रम सापडतो. हुद्दा ‘सवार’ असेल तर माणूस घोडदळातला साधा शिपाई. वर लान्स दफादार, दफादार, पुढे जमादार, रिसालदार. नंबर प्रत्येक पलटणीचा वेगळा, त्यामुळे पलटणीशिवाय नुसता नंबर कामाचा नाही. नावाचं स्पेलिंग साहेबाच्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं असतं. ते घरच्या नावाशी जुळलं नाही म्हणून मेडल दुसऱ्याचं समजू नका.

समजा कडेवर ‘20 डेक्कन हॉर्स’ आहे. या पलटणीत शीख आणि जाटांबरोबर दख्खनी मुसलमानही होते. 1914 च्या हिवाळ्यात ती फ्रान्सला होती. तिथे सवारांना घोडे मागे ठेवून चिखलाच्या खंदकात उतरावं लागलं. 14 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत ‘हाय वूड’ या जंगलाजवळ मात्र याच पलटणीने भाले घेऊन घोडे घातले. 1918 मध्ये ती पॅलेस्टाइनला गेली. एका सवाराच्या मेडलांमागे एवढा प्रवास असू शकतो, आणि मेडलवर त्यातलं एकही गाव लिहिलेलं नसतं!

मेडल ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मधली पट्टी बघा. 1914 बरोबर ऑगस्ट आणि नोव्हेंबरची इंग्रजी लघुरूपं असतील, तर माणूस 5 ऑगस्ट ते 22 नोव्हेंबर 1914 या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये होता. पट्टीवर ‘1914-15’ असेल तर तो दुसरा तारा. दोन्ही तारे एकाच माणसाला मिळत नसत. तसे आले तर आम्ही विचारतोच, बहुधा दोन भावांची मेडलं एका डब्यात गेलेली असतात.

‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं. म्हणूनच कितीतरी मेडलं सोनाराकडे मोडीत गेली. मजूर दलांना तेच ब्राँझमध्ये मिळालं, ते नकली नव्हे.

सोलापुरात कापडाला तोटा नाही, पण मिळेल ती फीत लावू नका. ताऱ्याची फीत लाल, पांढरी, निळी, रंग एकमेकांत मिसळत गेलेले. वॉर मेडलची मधे नारिंगी, मग पांढरी, काळी आणि काठाला निळी. व्हिक्टरीची इंद्रधनुषी. जुनी फीत विरली असली तरी फेकू नका, ती आम्ही फ्रेममध्येच मागच्या बाजूला जपून ठेवतो. क्रम तारा, वॉर मेडल, व्हिक्टरी असाच लागतो. मेडलं आम्ही चिकटवत नाही, बांधतो. उद्या कोणाला कड वाचायची झाली तर सोडता आली पाहिजेत.

पेटीतले कागदही आणा, मोडी लिपीतले असले तरी. त्या काळी बहुतेक घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. सवार भरती होताना घोड्याचे असामीचे पैसे, म्हणजे अनामत, भरी, सरकारकडून बंदूक-काडतुसं तेवढी मिळत. त्या पैशांच्या पावत्या जमिनीच्या कागदांत गुंडाळलेल्या सापडतात. आम्ही त्यांची प्रत काढून फ्रेममागच्या पाकिटात ठेवतो, मूळ कागद लगेच परत देतो. मेडलं घेताना कडेवरची अक्षरं तुमच्यासमोर वाचून पावतीवर उतरवतो. ती तपासूनच सही करा.