सत्तावीस गिअर म्हणजे जास्त दम? छे!

म्हापशाच्या बाजारात सायकल घ्यायला गेलात की हमखास ऐकू येतं, ‘ही २७ गिअरची, ती फक्त १२ गिअरची.’ म्हणजे पहिली दुपटीहून भारी! हा हिशोब चुकीचा आहे.

२७ हा आकडा पुढच्या ३ चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रं) गुणिले मागच्या चाकावरची ९ चक्रं असा येतो. पुढे ४४-३२-२२ दाते आणि मागे ११ ते ३४ असं धरा. ४४ला २३ लावलं तर पेडलच्या एका फेरीत चाक १.९१ वेळा फिरतं. ३२ला १७ लावा, १.८८. म्हणजे गिअर दोन मोजले, पायाला लागला एकच. अशा कितीतरी जोड्या निघतात.

चोर्ला घाट चढताना खरं काय बघायचं? सर्वांत हलका गिअर. २२ भागिले ३४ म्हणजे ०.६५. आता पुढे एकच ३२ची चेनरिंग, मागे १० ते ५१ची १२ चक्रं: ०.६३. ‘फक्त १२’वालीच चढाला किंचित हलकी! तोटाही आहे. सपाट रस्त्यावर तिचा कमाल गिअर ३.२, २७वालीचा ४. रोज पणजीला हायवेने जाणाऱ्याला तीन चेनरिंगच बऱ्या.

‘नॅरो-वाइड’ चेनरिंग ही मात्र थाप नव्हे. एक दात जाड, एक बारीक, त्यामुळे चेन सहसा उतरत नाही. आणि जुन्या सायकलवर नवी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) चढवायची असेल तर आधी मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तपासा. १० दात्यांचं चक्र जुन्या हबवर बसतच नाही.